कूसी म्हणजे सहा की झाड?

फिनिशमधे 'कूसी' म्हणजे सहा. आणि 'कूसी' म्हणजेच स्प्रूसचं झाड, ख्रिसमसला घरात आणतात ते. स्पेलिंग सेम, उच्चार सेम. 'कूसी पाला' म्हटलं (शेवटचा ला जरा लांबवायचा) की 'सहा तुकडे' पण होतं आणि 'स्प्रूस जळतंय' पण, तिथले लोक यावर भरपूर जोक मारतात.

पण विभक्ती लावा, लगेच पितळ उघडं पडतं. सहाचं 'कूदेन', झाडाचं 'कूसेन'. आपल्याकडे नाही का, नुसतं 'माळ' म्हटलं तर कळत नाही, पण 'माळावर' म्हटलं की रान आणि 'माळेत' म्हटलं की मणी, तसंच. फक्त आपल्याकडे हे लिंगामुळे होतं, तिथे कारण जुनं आहे.

झाडातला स पहिल्यापासून स-च. सहाचा स मात्र मुळात त होता. शब्द कूते असा काहीतरी, मग शेवटच्या ए चा इ झाला, कूती, आणि त च्या मागोमाग इ आली की प्रोटो-फिन्निकमधे (फिनिश, एस्टोनियन वगैरेंची जुनी आई-भाषा) त चा त्स व्हायचा, म्हणजे जवळपास आपल्या चमच्यातला च. म्हणून तिथे सहा म्हणजे कूत्सी आणि झाड म्हणजे कूसी, दोन वेगळे शब्द, घोळच नाही! (ही रूपं कुठे लिहिलेली सापडलेली नाहीत हां, आजच्या भाषा शेजारी ठेवून मागे जात काढलेली आहेत, म्हणून पुस्तकात त्यांच्या आधी चांदणी असते.) पुढे फिनिशमधे त्स चा स झाला आणि दोघं एकाच रांगेत येऊन बसले.

आता विभक्तीत प्रत्यय पुढे लागतो, म्हणजे ए शब्दाच्या शेवटी राहतच नाही, मग त्याचा इ कशाला होईल, त्यामुळे त वाचला. 'सहा म्हणून' हे कूतेना, त जसाच्या तसा. कूदेनमधे तोच त मऊ होऊन द झालाय. आणखी एक रूप कूत्ता, इथे हसू नका. झाडाची हीच रूपं कूसेना, कूसेन, कूस्ता, सगळीकडे स.

पाण्याचंही हेच, वेसी पण वेदेन. हात कासी, पण कादेन (हा 'आ' खरं म्हणजे बॅटमधल्या ॲ सारखा).

एस्टोनियनवाल्यांनी तर झाडाला शेवटी क चिकटवून भांडणच मिटवलं, सहा कूस, झाड कूस्क. षष्ठीत मात्र क गायब, कूसे. आणि सहाचं कूए, त्यातला त मऊ होता होता पार गळालाच.