छपरावरचा फिरता घुमट नेमके काय करतो?

चाकण, भोसरी किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतींत शेडच्या पत्र्यांवर पात्यांचे चकचकीत घुमट वाऱ्याने फिरताना दिसतात. आपल्याकडे त्यांना टर्बो व्हेंटिलेटर म्हणतात. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत हेच घुमट राहत्या घरांवरही बसवतात आणि तिथे त्यांचे काम असते, छप्पर व खोलीचे छत यांच्यामधल्या बंदिस्त पोटमाळ्यातील हवा बाहेर काढण्याचे. वारा घुमट फिरवतो आणि घुमट पंख्याप्रमाणे हवा खेचतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

घुमटाची पाती उभी आणि एकाच दिशेने वळलेली असतात. अक्षाच्या एका बाजूला वारा पात्यांच्या खोलगट अंगात भरतो, तर दुसऱ्या बाजूला तो फुगीर अंगावरून निसटतो. या विषम रेट्यामुळे घुमट फिरू लागतो आणि वारा कुठूनही आला तरी तो एकाच दिशेने फिरतो. हवा उपसण्याचे मुख्य काम मात्र दाबातील फरक करतो. घुमटाला वळसा घालताना वाऱ्याचा वेग बाजूंना वाढतो, तिथे आणि मागच्या अंगाला दाब घटतो, आणि त्या बाजूच्या फटींतून आतली हवा बाहेर ओढली जाते. फिरण्यामुळे पात्यांमधील हवा बाहेर भिरकावली जाते, त्याची यात थोडी भर पडते; शिवाय एकमेकांवर चढलेली ती फिरती पाती पावसाचे बहुतेक थेंब बाहेरच उडवून लावतात.

वारा पडला तरी हवेचा प्रवाह पूर्णपणे थांबत नाही. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.१६ किलो असते, तर ५० अंशांच्या हवेचे १.०९ किलो. ही हलकी हवा धुराड्यातल्याप्रमाणे वर सरकते. मात्र पोटमाळ्याची उंची दोन मीटर धरली, तर या फरकातून मिळणारा दाब जेमतेम दीड पास्कल भरतो. याउलट ताशी १४ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा गतिज दाब सुमारे ९ पास्कल असतो आणि त्याचा काही भागच उपशाला उपयोगी पडला तरी वाऱ्याचे पारडे जड राहते.

वरून हवा बाहेर जायची, तर तितकीच खालून आत यायला हवी. त्यासाठी छपराच्या वळचणीखाली झरोके ठेवावे लागतात आणि माझ्या मते घुमटापेक्षा तेच अधिक महत्त्वाचे आहेत. ते नसतील, तर घुमट दिमाखात फिरत राहतो, पण छताच्या फटींतून खोलीतलीच हवा वर ओढतो. घरात वातानुकूलन असेल, तर पैसे मोजून गार केलेली हवा अशी वाया जाते. अमेरिकेतील निवासी बांधकामाची आदर्श संहिता झरोक्यांचे एकूण मोकळे क्षेत्रफळ पोटमाळ्याच्या क्षेत्रफळाच्या १/१५० असावे असे सांगते. वरच्या व खालच्या झरोक्यांची योग्य विभागणी आणि इतर काही अटी पाळल्यास १/३०० चालते. (आपल्याकडच्या जुन्या मंगळुरी कौलांच्या छपराला हा हिशेब फारसा करावा लागत नाही, कारण कौलांच्या सांध्यांतूनच हवा खेळते.) थंड प्रदेशांत या वायुवीजनाचा आणखी एक उपयोग होतो: घरातून वर गेलेली दमट हवा थंड छपराखाली साचून तिचे पाणी होण्याआधी ती बाहेर पडते.

उष्णतेच्या बाबतीत मात्र अपेक्षा बेताच्याच ठेवाव्यात. एका घुमटाने सेकंदाला ०.१ घनमीटर, बाहेरच्यापेक्षा १० अंशांनी तापलेली हवा बाहेर टाकली असे मानले, तर तिच्याबरोबर सुमारे १.१ किलोवॅट उष्णता जाते. निरभ्र आकाशातल्या भर दुपारच्या उन्हातून प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट ऊर्जा पडते, म्हणजे १०० चौरस मीटर छपरावर जवळपास १०० किलोवॅट. तिचा मोठा भाग परावर्तित झाला किंवा छपरावरूनच वाऱ्याने नेला, तरी उरलेल्यापुढे घुमटाचा वाटा लहानच राहतो. शिवाय तापलेला पत्रा खालच्या छताकडे प्रारण रूपाने जी उष्णता पाठवतो, ती मधली हवा बदलल्याने अडत नाही. तिच्यासाठी छपराला परावर्तक पांढरा रंग किंवा छतावर उष्णतारोधक थर हाच उपाय आहे.