पेइंग गेस्ट की विद्यार्थी वसतिगृह? रत्नागिरीत खोली पाहताना

जून उजाडला की रत्नागिरीत मारुती मंदिरापासून साळवी स्टॉप, नाचणे, कुवारबावपर्यंतच्या विजेच्या खांबांवर आणि जांभ्याच्या गडग्यांवर नव्या पाट्या दिसू लागतात. ‘मुलींसाठी पीजी’, ‘होस्टेल, दोन वेळच्या जेवणासह’, ‘कॉट बेसिसवर जागा’. गुहागर, राजापूर, लांज्याहून किंवा थेट घाटावरून आलेले पालक ही सगळी एकाच मालाची नावे समजून फोन लावतात आणि पहिला प्रश्न भाड्याचा विचारतात. भाड्याचा प्रश्न महत्त्वाचाच आहे, पण त्याचा क्रमांक दुसरा. पहिला विचारावा तो असा : रात्री या छपराखाली मालक झोपतो का?

हा प्रश्न भोचकपणाचा वाटेल, पण पेइंग गेस्ट या शब्दाचा कायद्यातला अर्थ त्यावरच उभा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ७ मध्ये पेइंग गेस्ट म्हणजे कुटुंबाबाहेरची अशी व्यक्ती, जिला मालक स्वतः राहत असलेल्या जागेचा काही भाग वापरायला दिला आहे. माझ्या आईने माडीवरच्या खोलीत बरीच वर्षे दोन-दोन मुली ठेवल्या, त्या या व्याख्येत चपखल बसत. त्यांचा कंदील-मेणबत्तीपासून तापाच्या गोळीपर्यंतचा सगळा व्यवहार आमच्या माजघरातून चाले; दिवेलागणीनंतर उशीर झाला तर आई पडवीत येऊन उभी राहत असे, आणि त्या मुलींना ते आवडत असे असा माझा मुळीच दावा नाही. खऱ्या पीजीत सोय आणि जाच दोन्ही एकाच व्यक्तीकडून मिळतात.

वसतिगृहाचा उल्लेखही त्याच कलमात येतो, मात्र तो वगळण्यासाठी. लायसन्सी, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्यावर) राहणारा, कोणाला म्हणावे हे सांगताना कायद्याने पेइंग गेस्ट वगळला आहे आणि होस्टेल, लॉज, अतिथिगृह अशा ठिकाणी राहणाराही वगळला आहे. त्यामुळे या दोन्ही ठिकाणी राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती उरतात त्या प्रवेशाच्या वेळी लिहून घेतलेल्या अटी आणि पैशांच्या पावत्या. वसतिगृह ही पैसे घेऊन दिलेली सेवा असल्याने तिच्यात कसूर झाली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही लागत नाही. पण पावतीच नसेल तर मोबदला दिला हे सिद्ध करण्यापासून सुरुवात करावी लागते.

खरी गल्लत होते ती तिसऱ्याच प्रकारामुळे. एखाद्या इमारतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट, मालक मुंबईला किंवा आखातात, हॉलमध्ये चार, आतल्या खोल्यांत तीन-तीन खाटा, किल्ली शेजारच्या वहिनींकडे आणि पाटीवर ‘पीजी’. मालक तिथे राहतच नाही, तेव्हा कायद्याच्या अर्थाने हा पीजी नव्हे. आणि ती इमारत कुटुंबांसाठी बांधलेली असल्याने हे वसतिगृहही नव्हे. कागदाच्या दृष्टीने हा व्यवहार लिव्ह अँड लायसन्सच्या सर्वांत जवळ जातो, आणि तसा करार भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची असून ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे; शिवाय नोंदणी नसताना वाद उभा राहिला तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हे वाक्य रत्नागिरीत मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते कायद्यातूनच आले असावे असे कुणालाही वाटेल. महाराष्ट्रात ते खरे नाही. अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागते आणि ती ऑनलाइन होते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के इतकेच असते, फक्त डिपॉझिट घेतले असेल तर त्यावरचे मानीव (गृहीत धरलेले) व्याजही त्या हिशेबात धरतात. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात आलेला मुलगा अठरा वर्षांचा नसतो, म्हणून सही पालकाची हवी, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

कागदानंतर इमारत. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ निवासी इमारतींचे पोटप्रकार पाडते, त्यांत डॉर्मिटरीचा, म्हणजे वसतिगृहासारख्या सामूहिक निवासाचा, प्रकार ए-३ आणि सदनिकांचा ए-४. हा भेद केवळ वर्गीकरणाच्या हौसेपोटी केलेला नाही. फ्लॅट आखताना एक कुटुंब गृहीत धरलेले असते : एकमेकांच्या वेळा माहीत असलेली चार-पाच माणसे, एक दार, एक जिना, एक गॅस. डॉर्मिटरीत एकमेकांना अनोळखी, एकाच वेळी झोपलेली आणि धूर झाला तर एकाच वेळी बाहेर पडावी लागणारी माणसे गृहीत धरावी लागतात. जिन्यांची संख्या, बाहेर पडण्याचे अंतर आणि मार्गिकेची रुंदी यांचा विचार त्यातून येतो.

तरीही ‘मुद्दाम विद्यार्थ्यांसाठी बांधलेले’ या शब्दांवर आंधळा विश्वास ठेवू नये, हे मी स्वतः पाहून सांगतो. गेल्या वर्षी भाचीसाठी जागा पाहताना आम्ही एका नव्या कोऱ्या चारमजली वसतिगृहात गेलो. नकाशाप्रमाणे दोन जिने होते. मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप होते, कुलपापुढे जुन्या गाद्यांची चळत होती, आणि किल्ली कोणाकडे असते हे रेक्टरबाईंना आठवत नव्हते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली अग्निसुरक्षेची साधने चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘बी फॉर्म’ म्हणतात, दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. ते दाखवा असे म्हटल्यावर कार्यालयात थोडा वेळ शांतता पसरली. भाचीने माझ्याकडे पाहिले आणि आम्ही चहाला नको म्हणून निघालो.

कोकणात मात्र आगीपेक्षा पाणी रोजचे आहे, आणि इथे या दोन प्रकारांतला फरक सर्वांत ठळक दिसतो. चार महिने कपडे वाळत नाहीत. कुटुंबासाठी बांधलेल्या फ्लॅटच्या एका बाल्कनीत दहा मुलींचे कपडे टांगले की ते तिसऱ्या दिवशीही दमट राहतात, मग दोऱ्या खोलीत येतात, आणि गणपतीपर्यंत पश्चिमेच्या भिंतीवर हिरवट-काळा बुरा चढतो, जो वह्यांना, चामड्याच्या चपलांना आणि दम्याचा त्रास असलेल्याला आधी सापडतो. विचार करून बांधलेल्या वसतिगृहात गच्चीवर पत्र्याची शेड असते आणि तिच्याखाली वाऱ्याच्या दिशेने उघडी बाजू. ती शेड पाहिल्याशिवाय परत येऊ नये, आणि तिथे खरोखर दोऱ्या आहेत की मालकाचे सिमेंट, हेही पाहावे. खोली पावसाळ्यापूर्वी नुकतीच रंगवलेली असेल तर कपाट पुढे ओढून मागची भिंत हाताने चाचपावी. रंग डोळ्यांना फसवतो. तळव्याला ओल कळते.

मे महिन्यात हेच गणित उलटते. शहराचे नळाचे पाणी उन्हाळ्यात ताणले जाते आणि परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत असतात. कुटुंबाच्या हिशेबाने बसवलेल्या टाकीवर दहा जण असले की सकाळी सातला बादल्यांची रांग लागते. वसतिगृहात जमिनीखालची टाकी, स्वतःची विहीर किंवा बोअर आणि टँकरची सोय आहे का, टँकर आला तर त्याचे पैसे महिन्याच्या रकमेत धरले आहेत की वेगळे मागितले जातात, हे विचारून लिहून घ्यावे. जुन्या घरातल्या पीजीला इथे एक फायदा असतो : परसात विहीर असते आणि मालकीणबाई स्वतः त्याच पाण्यावर अवलंबून असतात.

विजेचे बिल हा छोटा विषय आहे, पण त्यावरून मोठी भांडणे होतात. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढत जातो. एका मीटरवर दहा जण, दोन गिझर आणि एक इस्त्री असली की बिल वरच्या टप्प्यात शिरते. म्हणजे माणसे वाढल्याने खर्च वाटला जातो हा समज अर्धाच खरा ठरतो, कारण शेवटची युनिटे सर्वांत महाग पडतात. खोलीला सब-मीटर असेल तर प्रवेशाच्या दिवशीचे त्यावरचे आकडे टिपून ठेवावेत.

जेवणाबाबत माझे मत थोडे पक्षपाती आहे, कारण मी घरच्या जेवणावर वाढलेल्या पीजी मुली पाहिल्या आहेत. घरातल्या पीजीत घर जे खाते तेच मिळते. घर शाकाहारी असेल तर वर्षभर शाकाहार, आणि सुक्या बांगड्याचा वास खोलीतून आला तर सामान बांधायची वेळ येऊ शकते. घर मासे खाणारे असेल तर बुधवार-रविवार चैन. वसतिगृहाच्या मेसचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले असते, चव सरासरी असते, पण विचारण्याचा हक्क असतो : खाद्य परवान्याचा १४ अंकी क्रमांक दर्शनी जागी आहे का, आणि खाडे कसे धरतात. हा खाड्याचा मुद्दा कोकणी विद्यार्थ्यासाठी क्षुल्लक नाही. गणपतीत आठ-दहा दिवस आणि शिमग्याला पुन्हा चार-पाच दिवस तो गावी जाणारच. सलग किती दिवसांच्या गैरहजेरीला पैसे वजा होतात आणि आधी किती दिवस सांगावे लागते, हे जुलैतच ठरले पाहिजे. सप्टेंबरात ते हुज्जतीने ठरते.

देखरेखीचा प्रश्न पालक दबक्या आवाजात विचारतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांनुसार, आपले विद्यार्थी ज्या खासगी वसतिगृहांत आणि लॉजमध्ये राहतात त्यांची माहिती संस्थाप्रमुखाने सत्र सुरू होण्यापूर्वी स्थानिक पोलिसांना द्यायची असते आणि महाविद्यालयाच्या पथकाने तिथेही लक्ष ठेवायचे असते. म्हणून महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन ‘या वसतिगृहाचे नाव तुमच्या यादीत आहे का’ असे सरळ विचारावे. पाटीशिवायचा फ्लॅट अशा यादीत सहसा सापडत नाही.

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, स्वयम् यांसारख्या भत्ता देणाऱ्या सरकारी योजना आहेत, आणि त्यांच्या अर्जाला बाहेर राहत असल्याचा पुरावा जोडावा लागतो. तोंडी ठरलेला ‘पीजी’ इथेही आडवा येतो. ‘कागद करू, पण भाडे वाढेल’ असे मालक म्हणाला तर वाढीव भाडे आणि बुडणारा भत्ता यांची बेरीज-वजाबाकी करून पाहावी.

मला कुणी विचारले तर मी असे सांगतो. दहावीनंतर प्रथमच घराबाहेर पडलेल्या मुलासाठी मालक खरोखर राहत असलेले घर शोधावे, जाच सोसूनही. वैद्यकीय, अभियांत्रिकी किंवा शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात चार-पाच वर्षे काढणाऱ्यासाठी नीट चालवलेले वसतिगृह बरे, कारण तिथे मालकिणीच्या तब्येतीवर किंवा तिच्या मुलाच्या लग्नावर आपली खोली अवलंबून नसते. रिकामा फ्लॅट वाईट नाही, पण तो एकमेकांना ओळखणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी स्वतःच्या नावावर, नोंदणी करून घ्यावा. खाटेच्या हिशेबाने अनोळखी माणसांसोबत नव्हे.

पैशांत दोन ठिकाणी डोळे उघडे ठेवावेत. वसतिगृहाने बिलात जीएसटी लावला असेल तर कारण विचारावे, कारण १५ जुलै २०२४ पासून दरमहा दरडोई २०,००० रुपयांपर्यंतचे आणि सलग किमान ९० दिवसांचे वास्तव्य करमुक्त आहे. दुसरे ठिकाण डिपॉझिटचे. सोडताना ‘रंगकामाचा खर्च वजा’ ही अट जवळजवळ सगळीकडे असते, आणि कोकणातली भिंत तर कुणी काही न करताही काळी पडते. भाचीने शेवटी नाचण्याच्या बाजूला जे वसतिगृह घेतले तिथे तिने पहिल्याच संध्याकाळी खिडकीखालच्या ओलीचा फोटो काढून मालकांना पाठवला. त्यांचे उत्तर आले, ‘पाऊस सरला की रंगवून देतो, ताई.’ दिवाळीच्या सुट्टीहून ती परतली तेव्हा तो कोपरा पांढरा झाला होता, फक्त रंग बाकीच्या भिंतीशी जुळत नव्हता.