नव्या रीफ टाकीतील शेवाळ : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

खाऱ्या पाण्याची रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची टाकी, नव्याने बसवून घेतलेल्या ग्राहकांचा काळजीचा पहिला फोन आम्हांला बहुधा तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात येतो. पांढरी वाळू तपकिरी पडलेली असते, काचेवर दालचिनीची पूड भुरभुरल्यासारखा थर दिसतो आणि टाकी बिघडली की काय, अशी शंका येते. टाकी बिघडलेली नसते. हा थर डायटम नावाच्या सूक्ष्म जीवांचा असून ते पाण्यातील सिलिकेटपासून आपले कवच घडवतात. नव्या वाळूतून आणि दगडांतून सुटणारे सिलिकेट संपत आले की ते बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. तोवर काच पुसत राहावी, वाळू मात्र रोज ढवळू नये.

थर दोन महिन्यांनंतरही परत परत येत असेल, तर दोष बहुधा आपण घालत असलेल्या पाण्यात असतो. नळाचे, बोअरचे किंवा टँकरचे पाणी रीफ टाकीला चालत नाही, हे आम्ही टाकी बसवतानाच सांगतो. परंतु स्वयंपाकघरातील पिण्याच्या आरओ यंत्राचे पाणीही चालत नाही, याकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. त्या यंत्रातून येणाऱ्या पाण्यात चवीसाठी काही क्षार मुद्दाम राखलेले असतात, म्हणून विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ५० किंवा त्याहून अधिक आकडा दिसू शकतो. आपल्याला शून्य हवे, आणि त्यासाठी आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषून घेणारे डीआय रेझिन लागते. एप्रिल-मे महिन्यांत पंखा लावून टाकी थंड ठेवल्यास २०० लिटरच्या टाकीतून दिवसाला तीन-चार लिटर पाणी सहज उडते, म्हणजे महिन्याला सुमारे शंभर लिटर पाणी आपण वरून भरतो. उडते ते निव्वळ पाणी. भरलेल्या पाण्यासोबत आलेले सिलिकेट आणि फॉस्फेट टाकीतच साठत जाते. शेवाळाच्या तक्रारीसाठी आम्ही घरी येतो, तेव्हा म्हणूनच आधी टॉप-अपच्या, म्हणजे वरून भरायच्या पाण्याच्या, बादलीत मीटर बुडवतो.

डायटमनंतर दगडांवर हिरवी, केसांसारखी लव धरते. तिचे खाद्य नायट्रेट आणि फॉस्फेट. येथे एक गोष्ट गोंधळात टाकते : दगड हिरवेगार झालेले असतानाही टेस्ट किट फॉस्फेट जवळजवळ शून्य दाखवते, कारण पाण्यात सुटलेले फॉस्फेट शेवाळ लगेच शोषून घेते. म्हणून आकड्यासोबत दगडाकडेही पाहावे. पाणी बदलण्याच्या दिवशी शक्य तो दगड बाहेर काढून टाकीतल्याच खाऱ्या पाण्याच्या बादलीत धरावा, लव हाताने उपटावी, उरलेली जुन्या टूथब्रशने घासावी आणि ते पाणी फेकून द्यावे. टाकीतच घासल्यास तुटलेले धागे प्रवाहाबरोबर दुसरीकडे जाऊन रुजतात. दगडावरचे गुलाबी-जांभळे कडक कवच मात्र खरवडू नये; तेही शेवाळच आहे, पण हवेहवेसे. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच घालावे, गोठवलेले खाद्य बारीक गाळणीत धुऊन घ्यावे आणि दिवे सहा ते आठ तासांवर आणावेत. लव आखूड केल्यावर टर्बो गोगलगाई ती चांगली खातात. लांब वाढलेली लव त्या टाळतात. एखादी वाळूवर उलटी पडलेली दिसली तर हाताने सरळ करावी, कारण तिला ते स्वतःहून अनेकदा जमत नाही आणि ती तशीच मरते. लहान टाकीत शेवाळ खाण्यासाठी म्हणून सर्जन मासा घेऊ नये. त्याला पोहायला जागा लागते.

आता सर्वांत कळकळीची विनंती. शेवाळाच्या धास्तीने नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणू नका. नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम एवढे प्रवाळांनाही लागते. दोन्ही संपलेल्या नव्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट्स नावाचे सूक्ष्म जीव फोफावतात आणि ते लवेपेक्षा कितीतरी चिवट असतात : तपकिरी, शेंबडासारखे दोरे, त्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे, आणि काही जातींच्या विषामुळे मरणाऱ्या गोगलगाई. लालसर-मरून चादरीसारखा, एका तुकड्यात सोलून निघणारा थर वेगळा. तो सायनोबॅक्टेरिया (थोडक्यात सायनो) या जिवाणूंचा, म्हणजे शेवाळ नव्हेच. तो नळीने ओढून काढावा आणि त्या कोपऱ्यातला प्रवाह वाढवावा. शंका असल्यास थोडा थर पाण्यासह बाटलीत घेऊन जोराने हलवावा, कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळावा आणि गाळलेले पाणी तासभर उजेडात ठेवावे. त्यात पुन्हा दोरे जुळून आले, तर डायनोफ्लॅजेलेट्स असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी फॉस्फेट शोषणारी माध्यमे काढावीत, पाणी बदलणे थांबवावे आणि आमच्याशी बोलावे.

सायनोवर अँटिबायोटिक टाकण्याचा सल्ला आम्ही देत नाही, कारण ज्या उपयुक्त जिवाणूंवर टाकी चालते तेही त्यात मरू शकतात. तीन दिवस अंधार करण्याचा उपाय कधी कधी कामी येतो. तो करताना स्किमर (फेसासोबत पाण्यातील घाण काढणारे यंत्र) आणि एअर पंप अखंड चालू ठेवावेत, कारण प्रकाशाअभावी ऑक्सिजन घटतो आणि मेलेला थर कुजताना उरलासुरलाही खातो.

मालवण किंवा अन्य किनाऱ्यावरून दगड अथवा प्रवाळ आणून टाकीत घालू नयेत. कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, आणि समुद्रातून उचललेल्या दगडासोबत नको असलेले शेवाळही घरी येते.

तपासणीसाठी पाणी आणताना बाटली टाकीच्याच पाण्याने दोनदा विसळून काठोकाठ भरावी आणि त्याच दिवशी आणावी. सोबत टॉप-अपचे पाणी वेगळ्या बाटलीत आणि दिवे लावून काढलेला थराचा एक जवळचा फोटो आणल्यास कारण शोधणे सोपे जाते.