कासव शाकाहारी असतं ना? मग मटण कसं खाल्लं?

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी जुळे सोलापुरातनं मावशीचा फोन आला, आवाज पार घाबरलेला. मोरीपाशी मटण धुताना एक तुकडा खाली पडला आणि अंगणातलं कासव, ज्याला ती तीन वर्षं जास्वंदीची फुलं न् काकडी घालत होती, ते सरळ तिकडं चालत आलं आणि तुकडा पायानं दाबून तोडून तोडून खाऊन टाकला. "अरे कासव म्हंजे देवाचं की, गाभाऱ्यासमोर असतंय ते. हे मटण कसं काय खाईल? काही झालं तर नाही ना रे ह्याला?"

एक गोष्ट आधीच सांगतो. हे कासव म्हणजे पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव, नात्यातल्या कुणीतरी आंध्राकडनं आणून दिलेलं, घरात ठेवलं की पैसा येतो म्हणून. ते पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, जेल होऊ शकते, आणि जगभरात त्याची इतकी तस्करी होते की २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालावी लागली. मावशीला यातलं काहीच माहीत नव्हतं, बऱ्याच जणांना नसतं.

आता मटणाचं. खरं सांगायचं तर कासवानं काही विचित्र केलं नाही. शाकाहारी, मांसाहारी ही विभागणी आपल्या स्वयंपाकघरातली आहे, प्राण्यांच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच की हा प्राणी बहुतेक वेळा काय खातो. स्टार कासव जंगलात गवत, पाला, फुलं, पडलेली फळं खातं, पण मधेच किडे, मेलेलं जनावर, शेणसुद्धा खाताना दिसलंय. दक्षिण अमेरिकेतलं लाल पायांचं कासव मेलेली जनावरं, गोगलगायी आवडीनं खातं. आफ्रिकेतली काही कासवं गोम-वाणीसारखे बहुपाद किडे खातात. समोर आलं, पळून गेलं नाही, तोंडात मावलं, की खाल्लं. याला संधीसाधू आहार म्हणतात, शब्द जरा वाईट वाटतो पण त्यात वाईट काही नाही, जे मिळतंय ते सोडायचं नाही एवढंच.

आणि कधी कधी तर कासव शिकारसुद्धा करतं! हिंदी महासागरातल्या सेशेल्समधल्या फ्रिगेट बेटावर जुलै २०२० मध्ये तिथं निसर्ग संवर्धनाचं काम करणाऱ्या ॲना झोरा यांनी एक व्हिडिओ काढला, त्यात एक भलीमोठी कासवीण झाडावरनं पडलेल्या समुद्रपक्ष्याच्या पिल्लाच्या मागं लागलीये. पिल्लू एका आडव्या ओंडक्यावर मागं मागं सरकतंय, चोचीनं टोचतंय, आणि ही जबडा उघडून हळूहळू पुढं येतीये, शेवटी डोक्यालाच धरलं आणि गिळून टाकलं. सगळा प्रकार साधारण ७ मिनिटांचा. केंब्रिजचे जीवशास्त्रज्ञ जस्टिन गेर्लाख आणि झोरा यांनी २०२१ मध्ये यावर पेपर लिहिला. मी तो व्हिडिओ तीनदा बघितला, त्यात कसलीच घाई नाही आणि तेच अंगावर येतं. कासवीण ज्या पद्धतीनं सरळ त्या पिल्लाकडं गेली त्यावरनं संशोधकांना वाटलं की हे तिनं आधीही केलेलं असावं.

पण पाला खाऊन ज्याचं भागतंय ते मांसाच्या मागं का लागेल? याचं उत्तर आपल्याकडच्या शेतकऱ्याला अर्धं माहीत असतं. गोठ्यातली गाय हाडं, चपला चघळायला लागली की डॉक्टर म्हणतात फॉस्फरस कमी पडलाय, मिनरल मिक्श्चर चालू करा. स्कॉटलंडच्या रम बेटावर लाल हरणं समुद्रपक्ष्यांच्या पिल्लांची डोकी न् पाय खातात, तिथल्या चाऱ्यात खनिजं कमी म्हणून. वाळवंटातली कासवं हाडाचे तुकडे आणि चुनखडीची माती खातात. कवच म्हणजे हाडच की, आणि मादीला त्यावर अंड्यांचं कवचही बनवायचं असतं.

दुसरी गोष्ट मला जास्त भारी वाटते. आपल्याला वाटतं पाला खाणाऱ्याला मांस पचणार नाही. उलट आहे. अवघड असतं ते गवत पचवणं, त्यासाठी आतड्याच्या शेवटच्या भागात जंतूंची अख्खी वसाहत पोसावी लागते, चारा कित्येक दिवस आत ठेवून आंबवावा लागतो. मांस फोडणारे रस तर माशापासून माणसापर्यंत सगळ्यांच्याच पोटात असतात. म्हणजे मावशीच्या कासवाला तो तुकडा पचला असणारच.

भानगड पचल्यानंतर होते. प्रोटीन वापरलं की शरीरात नायट्रोजनचा कचरा उरतो, आपण तो लघवीत पाण्याबरोबर टाकतो, पण जमिनीवरच्या कासवाला पाणी वाचवायचं असतं म्हणून ते त्याचं युरिक ॲसिड बनवून पांढऱ्या पेस्टसारखं बाहेर टाकतं (पक्ष्यांच्या विष्ठेत पांढरं दिसतं, तेच). रोज मटण, कुत्र्याचं फूड, अंडं असं दिलं आणि वर सोलापूरचा ४३-४४ डिग्रीचा उन्हाळा, पाण्याची वाटी कोरडी, मग हे ॲसिड बाहेर जाण्याऐवजी किडनीत आणि सांध्यांत खड्यासारखं साचतं. याला गाऊट म्हणतात, प्रचंड दुखतं, आणि कासव ओरडून सांगू शकत नाही. एका तुकड्यानं हे होत नाही, सवयीनं होतं. कवचावर उंचवटे येतात त्याला मात्र लोक सरसकट प्रोटीनला दोष देतात, पण २००३ च्या एका प्रयोगात आफ्रिकन कासवांच्या पिल्लांवर बघितलं तर प्रोटीनपेक्षा कोरड्या हवेचा परिणाम कितीतरी जास्त निघाला.

बरं, मराठीत आपण सगळ्यांनाच कासव म्हणतो आणि तिथं घोळ होतो. आपल्याकडच्या विहिरीत, तळ्यात असतं ते मऊ पाठीचं कासव बेडूक, मासे, गोगलगायी, कुजकं मांस, पाणवनस्पती सगळं खातं, पाणी स्वच्छ राहतं ते त्याच्यामुळंही (हेही कायद्यानं संरक्षित आहे, विहिरीतनं काढून टाकीत ठेवू नका). आणि दुकानात मिळतं ते कानाजवळ लाल पट्टा असलेलं हिरवं पिल्लू अमेरिकेतलं. ते लहानपणी किडे, मासे जास्त खातं आणि मोठं होईल तसं पाल्याकडं वळतं. लोक त्याला जन्मभर चिकन नाहीतर सुका जवळा घालतात. नुसत्या चिकनमध्ये कॅल्शियम नावालाच, फॉस्फरस भरपूर, त्यात काचेच्या टाकीतनं लागणारं ऊन पोचत नाही, म्हणून कवच मऊ पडतं. व्हिटॅमिन ए कमी पडून डोळे सुजून बंद होतात, मग त्याला दिसत नाही म्हणून ते खात नाही, आणि घरचे म्हणतात झोपलंय. कंटाळा आला की कंबर तलावात सोडून देतात, तेही चूक, ते ३० वर्षं जगतं आणि तिथल्या आपल्या कासवांचं खाणं, उन्हाला बसायची जागा सगळं बळकावतं.

मावशीला मी हे सगळं सांगितलं. तिनं १९२६ ला, वनविभागाच्या हेल्पलाईनला, फोन लावायला आठवडा घेतला, रडली पण लावला. न्यायला आलेल्या माणसानं पहिलं विचारलं, काय खायला घालत होता? तिनं जास्वंद, काकडी, शेवग्याचा पाला सांगितलं, आणि जरा थांबून म्हणाली, एकदा मटण पण खाल्लं हो त्यानं. तो म्हणाला, मिळालं तर खाणारच की ताई. परवा फोन आला तेव्हा सांगत होती, शेजारच्या पोराच्या त्या हिरव्या कासवाचे डोळे सुजलेत, त्याला डॉक्टरकडं न्यायला लावलंय आणि जवळ्याचा डबा त्याच्या आईकडनं स्वतःच काढून घेतलाय.