डायनासोर दोनदा सापडतात

मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात लांब मानेचा डायनासोर हिरव्यागार कुरणात उभा दिसला की जाणकार मंडळी नाक मुरडायची. डायनासोर होते तेव्हा गवत उगवलेच नव्हते, मग हे कुरण आले कुठून? नेचे काढा, सूचिपर्णी झाडे काढा, पण गवत नको, असे चित्रकारांना बजावले जाई. हा दंडक २००५ मध्ये मोडला. तो मोडायला कारण झाले चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यातील पिसदुरा गावचे शेण. शेण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांहून जुने, दगड झालेले.

पिसदुऱ्याच्या शिवारात असे गोळे भरपूर मिळतात. काही मुठीत मावणारे, काही त्याहून मोठे, वर पिळाच्या खुणा असलेलेही. लखनौच्या बिरबल साहनी पुरावनस्पतिशास्त्र संस्थेतील वंदना प्रसाद, तसेच अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातले काही गोळे रसायनांत विरघळवून गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरला. वनस्पतींच्या पेशींमध्ये सिलिकाचे बारीक कण तयार होतात. त्यांना फायटोलिथ म्हणतात. गवत उपटताना बोट कापते ते याच सिलिकामुळे. पान कुजले तरी हे कण कुजत नाहीत आणि प्रत्येक वनस्पतिगटाच्या कणांची घडण वेगळी असते. पिसदुऱ्याच्या शेणात सूचिपर्णी झाडांचे आणि ताडवर्गीयांचे अंश होतेच, पण सोबत निरनिराळ्या प्रकारच्या गवतांचेही कण होते. शेण बहुधा टायटॅनोसॉर गटातल्या अजस्र शाकाहारी डायनासोरचे. म्हणजे गवत होते, एकाहून अधिक जातींचे होते, आणि ते खाल्लेही जात होते. नोव्हेंबर २००५ मध्ये हा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. २०११ मध्ये याच धाग्यावर पुढचे काम झाले आणि भातकुळातल्या गवतांचे अंशही त्या काळच्या भारतात ओळखले गेले. धान पिकवणाऱ्या पूर्व विदर्भाच्या उंबरठ्यावर हे सापडावे, हा योगायोग मला फार आवडतो. पुढे चीनमध्ये यापेक्षाही जुन्या गवताचा पुरावा एका डायनासोरच्या दातांवर मिळाला. ‘तेव्हा गवत नव्हते’ या जुन्या मताकडे मागे फिरणे आता शक्य नाही.

खरी गंमत पुढेच आहे. पिसदुरा २००५ मध्ये सापडले नाही. एकोणिसाव्या शतकातच अभ्यासकांना ते ठाऊक होते. तेव्हा नागपुरात राहणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप धर्मप्रचाराइतक्याच आवडीने दगड गोळा करत. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ ओढ्याच्या पुरात ते बुडाले. त्यांनी आणि त्यांच्यानंतर आलेल्यांनी या भागातील जीवाश्मांच्या नोंदी केल्या. १९३९ मध्ये चार्ल्स मॅटली यांनी पिसदुऱ्याच्या शेणगोळ्यांचे प्रकार पाडून वर्णनही छापले. गोळे होते, नोंदी होत्या, गवतही आतच होते. ते विरघळवून पाहायला मात्र आणखी सहासष्ट वर्षे गेली.

भारतातल्या डायनासोरांचा इतिहास बव्हंशी असाच आहे. ते एकदा शेतात, टेकडीवर, खाणीत सापडतात आणि मग बऱ्याच वर्षांनी कुठल्यातरी खणात पुन्हा सापडतात. मुलांना चटकन भावणाऱ्या अचंब्याच्या बऱ्याच गोष्टी या दुसऱ्या सापडण्यातून आल्या आहेत.

पहिली गोष्ट जबलपूरची, १८२८ मधली. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून ज्याचे नाव आपण इतिहासात वाचतो, त्या कॅप्टन विल्यम स्लीमनला बारा सिमला टेकडीवर दगड झालेली हाडे मिळाली. तो काळ पाहा. इंग्लंडमध्ये मेगॅलोसॉरसला नाव मिळून चारच वर्षे झाली होती आणि ‘डायनासोर’ हा शब्द रिचर्ड ओवेन यांनी घडवायला अजून चौदा वर्षे अवकाश होता. हाडे कशाची, हे सांगणारा जबलपुरातच काय, जगातही जवळजवळ कोणी नव्हता. स्लीमनने ती स्पिल्सबरी नावाच्या डॉक्टरकडे दिली. तिथून ती कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे गेली. अशोकाची ब्राह्मी लिपी वाचणारा प्रिन्सेप तो हाच. १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी शेपटीच्या मणक्यांवरून त्या प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस असे नाव दिले. जगभरातल्या एका अख्ख्या गटाला, म्हणजे टायटॅनोसॉरांना, हे नाव जबलपूरच्या या मणक्यांवरून मिळाले आहे. अर्जेंटिनात सापडणारे महाकाय प्राणीही त्याच गटात मोडतात.

मग मणके हरवले. चोरीला गेले असे नव्हे. संग्रह एका संस्थेकडून दुसरीकडे गेले, चिठ्ठ्या सुटल्या आणि पुढच्या अभ्यासकांना चित्रांवर भागवावे लागले. दरम्यान २००३ मध्ये तज्ज्ञांनी असेही ठरवले की त्या मणक्यांत वेगळी जात म्हणण्यासारखे खास काही नाही, त्यामुळे जातीचे हे नाव वापरण्यात अर्थ नाही. गटाचे नाव मात्र राहिले. २०१२ मध्ये धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात धुंडाळताना त्यातला एक मणका परत शोधून काढला. आशियातला पहिला नोंदलेला डायनासोर असा १८४ वर्षांनी दुसऱ्यांदा सापडला.

मोहबे यांच्या नावावर याहून नाट्यमय प्रकरण आहे. गुजरातमध्ये बालासिनोरच्या परिसरात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, सिमेंटसाठी चुनखडी काढणाऱ्या खाणीत डायनासोरची अंडी मिळाली. त्याच टापूतल्या ढोली डुंगरी येथून मोहबे यांनी दगडाचा एक ठोकळा काढला. त्यात अंडी होती आणि नाजूक हाडे होती. ही अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाची हाडे असावीत, असे १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. तोपर्यंतच्या माहितीवर हा निष्कर्ष वावगा नव्हता. २००१ मध्ये अमेरिकेतील जेफ विल्सन यांनी तो ठोकळा हातात घेतला आणि त्यांचे लक्ष काही मणक्यांकडे गेले. मणके एकमेकांत अडकवणारे जादाचे सांधे त्यांना दिसले. असे सांधे सापाला असतात. पिल्लाची हाडे होतीच, पण त्यांच्या शेजारी, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून एक साप होता!

साडेतीन मीटर लांबीच्या या सापाला सानाजेह इंडिकस हे नाव मिळाले आणि २०१० मध्ये सारा वृत्तांत जगासमोर आला. त्याचा जबडा आजच्या अजगराइतका फाकत नव्हता. पूर्ण अंडे गिळणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असावे. अर्ध्या मीटरचे कोवळे पिल्लू मात्र सहज जमले असते. म्हणून तो बहुधा अंडी फुटण्याच्या वेळी घरट्यांवर टपून राहत असावा. घास घेण्याआधीच वादळी पावसाने आलेली माती किंवा वाळू अंगावर कोसळली आणि शिकारी, शिकार, अंडी सगळे जागच्या जागी गाडले गेले. वाढ झाली की ज्याच्या वाटेला कोणी जाणार नाही, तो प्राणी जन्मताना किती उघड्यावर असे, हे दाखवणारा याच्यासारखा पुरावा दुसरा नाही.

अंड्यांविषयी आणखी थोडे. टायटॅनोसॉरची अंडी चेंडूसारखी गोल आणि व्यासाने साधारण १५ ते २० सेंटिमीटर असतात. एवढ्या धिप्पाड प्राण्याला हे आकारमान लहानच वाटते. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी मिळाल्याचे जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. घरटी इतकी दाटीवाटीने होती की मोठ्या प्राण्यांना त्यांच्यामध्ये वावरायला जागाच राहिली नसती. त्यामुळे उथळ खड्ड्यात अंडी घालून माद्या निघून जात असाव्यात, असा अंदाज आहे. त्याआधी २०२२ मध्ये याच भागातल्या एका अंड्यात दुसरे अंडे आढळले. घातले जायचे अंडे शरीरात उलट मागे सरकते आणि त्याच्याभोवती दुसरे कवच बनते, हा प्रकार कोंबड्यांमध्ये क्वचित दिसतो. कासवात किंवा मगरीत तो माहीत नाही. ‘पक्षी हे डायनासोरांचे वंशज’ हे आता शाळकरी मुलेही सांगतात. अंडी घालण्याच्या पद्धतीतही हे नाते किती जुने असू शकते, याची खूण धारमध्ये मिळाली. त्याच भागातल्या पाडल्या गावात असे गोल दगड शेताचे राखणदार म्हणून ‘काकर भैरव’ नावाने पुजले जात होते, ही बातमी २०२३च्या अखेरीस बरीच गाजली. बातमीत गावकऱ्यांची गंमत जास्त झाली. खरे तर दगड वेगळा आहे, हे त्यांनीच आधी ओळखले होते.

आता महाराष्ट्राचा प्रश्न. पुणे, नाशिक, साताऱ्याकडची मुले विचारतात की आमच्याकडे डायनासोर का नाहीत. होते की नव्हते, ते आपल्याला दिसतच नाही. डायनासोरांच्या अखेरच्या काळात इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहू लागला आणि थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. सह्याद्रीत या थरांची जाडी काही ठिकाणी दोन किलोमीटरच्या घरात जाते. खालची जुनी जमीन त्याखाली कायमची झाकली गेली. लाव्हाच्या काठावर, जिथे थर पातळ होत संपतो, तिथेच ती डोके वर काढते. नर्मदेच्या खोऱ्यात, बालासिनोरला, आणि आपल्याकडे नागपूर-चंद्रपूरकडे. जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून या गाळाच्या खडकांना लमेटा हे नाव पडले. म्हणून महाराष्ट्रातल्या डायनासोरांचा पत्ता विदर्भाचा आहे.

पिसदुऱ्याजवळच्या डोंगरगावला १९८०च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी एका टायटॅनोसॉरचा सांगाडा खोदून काढला. कवटी मिळाली नाही, पण भारतातल्या टायटॅनोसॉरांपैकी इतका भरघोस सांगाडा दुसरा नव्हता. १९९७ मध्ये त्याला टायटॅनोसॉरस कोलबर्टी म्हटले गेले. २००३ मध्ये, ज्या अभ्यासात जबलपूरच्या मणक्यांचे नाव बाद झाले त्याच अभ्यासात, हा वेगळाच प्राणी ठरला आणि संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून इसिसॉरस झाला. त्याची ठेवणही जगावेगळी. पुढचे पाय लांब आणि मान इतर लांबमान्यांच्या मानाने आखूड.

सांख्यिकी संस्थेत डायनासोर कसे, याचे उत्तर प्रशांतचंद्र महालनोबिस. आकडेवारीचा उपयोग निसर्गातल्या प्रत्येक गोष्टीला व्हावा या हट्टापायी त्यांनी १९५०च्या दशकात लंडनहून पामेला रॉबिन्सन यांना बोलावून घेतले आणि प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात शोध सुरू झाला. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचा तालुक्यातील कोटा गावावरून ज्या खडकांना नाव आहे, ते खडक लमेटाहून कितीतरी जुने, ज्युरासिक काळातले. नदीच्या पलीकडे, आजच्या तेलंगणात, याच खडकांत किमान सहा प्राण्यांची मिळून सुमारे तीनशे हाडे सापडली. १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष, म्हणून हा प्राणी बारापासॉरस टागोरी. ‘बारा पा’ म्हणजे बंगालीत मोठा पाय. त्याचीही कवटी नाही, फक्त थोडे दात. सांगाडा कोलकात्यात संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे.

मांसाहारी राजासॉरसची गोष्ट थोडक्यात सांगून टाकतो, कारण ती सगळीकडे सांगितली जाते. हाडे बालासिनोरजवळ रायोली येथे १९८२ ते १९८४ दरम्यान निघाली आणि नाव २००३ मध्ये मिळाले. कपाळावर एकच बुटके शिंग. जवळचे नातलग मादागास्करमध्ये, कारण भारत तेव्हा आशियाला लागलेला नव्हता. मादागास्करपासून सुटून तो एकट्याने उत्तरेकडे सरकत होता.

मात्र दुसऱ्यांदा सापडण्याची संधी सगळ्यांनाच मिळत नाही. तमिळनाडूत अरियालूरजवळ कल्लमेडू येथे मिळालेल्या अवाढव्य हाडांना पी. यादगिरी आणि के. अय्यासामी यांनी १९८०च्या दशकात बृहत्कायोसॉरस नाव दिले. नडगीचे हाड दोन मीटरचे सांगितले गेले. आधी हा प्राणी मांसाहारी मानला होता. नंतर इतरांनी तो लांब मानेचा शाकाहारी असल्याचे दाखवले. पण माती ठिसूळ होती, हाडे भुसभुशीत होत गेली आणि अखेर त्यांचा चुरा झाला. उरली ती रेखाचित्रे आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली काही जुनी छायाचित्रे. त्यांच्या आधारे काही अभ्यासकांनी त्याचे वजन शंभर टनांपलीकडे नेले आहे, म्हणजे आजवर जमिनीवर चाललेला कदाचित सर्वांत जड प्राणी. तपासून पाहायला हाड नसल्यामुळे इतर अभ्यासक हा आकडा मानायला तयार नाहीत, आणि कल्लमेडूला नवे हाड निघेपर्यंत दोन्ही बाजूंचा वाद त्या छायाचित्रांवरच चालणार आहे.