कपाटातला वॉकीटॉकी आणि हॅम रेडिओ

‘मोबाइल बंद पडला तरी हॅम रेडिओ चालतोच, म्हणून एक स्वस्त सेट घेऊन कपाटात ठेवा.’ हॅम रेडिओ म्हणजे परवाना घेतलेल्या हौशी मंडळींचं बिनतारी संभाषण. त्याविषयीचा हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यातलं अर्धंच खरं.

हातातला सेट साधारण ५ वॉटचा. १४४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर किंवा इमारती आल्या की पल्ला काही किलोमीटरवर येतो. तो वाढवतो उंचावरचा रिपीटर, म्हणजे आलेला संदेश पुन्हा प्रक्षेपित करणारं यंत्र, आणि त्यालाही वीज लागतेच. बॅटरी संपली की तोही मुका.

मग आपत्तीत संदेश जातात कसे? बरेचदा ७ मेगाहर्ट्झवर. अँटेनाची तार मुद्दाम कमी उंचीवर बांधली की लहरी जवळपास सरळ वर जाऊन आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परततात आणि डोंगर ओलांडून काहीशे किलोमीटरचा परिसर व्यापतात. रात्री बहुधा ३.५ मेगाहर्ट्झवर उतरावं लागतं. कपाटातल्या त्या सेटवर हे पट्टे सहसा नसतातच!

खरी मेहनत मात्र शिस्तीची. एक नियंत्रक केंद्र ठरतं, बाकीचे पुकारल्यावरच बोलतात. संदेश लिहून घ्यायचा, परत वाचून दाखवायचा; औषधाचं नाव किंवा आकडा चुकला तर पंचाईत. दोघं एकदम बोलले तर कोणाचंच धड ऐकू येत नाही. यासाठी परवाना घेऊन, एरवी कंटाळवाणा वाटणारा सराव करावा लागतो. सुटका-बचाव हे या हॅम स्वयंसेवकांचं काम नव्हे. ते करणाऱ्यांपर्यंत निरोप पोहोचवणं हे त्यांचं.