काळ्या पडद्यामागचं यंत्र

बटण दाबलं की पंखा घरघरतो, हार्ड डिस्क कण्हत कण्हत वेग घेते, आणि पडदा मात्र काळा तो काळाच. तीस वर्षं जुन्या वर्कस्टेशनपुढे, म्हणजे इंजिनिअर-संशोधकांसाठी बनवलेल्या ताकदवान संगणकापुढे, बसलेल्या माणसाचा निष्कर्ष ठरलेला असतो: ग्राफिक्स कार्ड गेलं. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. पडद्यावर चित्र उमटणं ही साखळीतली अगदी शेवटची कडी. त्याआधी पॉवर सप्लायने स्थिर दाब द्यायचा, प्रोसेसरने रॉममधला (कायमस्वरूपी चिपमधला) प्रोग्रॅम वाचायला घ्यायचा, रॅम तपासून व्हायची, कार्ड सापडायचं आणि कार्डाने सोडलेलं चित्र मॉनिटरला कळायचं. यात घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, हे काळा पडदा सांगत नाही. त्यामुळे विचारपूस दुसऱ्या वाटेने करावी लागते.

साध्या पीसीमध्ये ही दुसरी वाट म्हणजे बीप. रॅम किंवा कार्ड सापडलं नाही की मदरबोर्ड ठरावीक संख्येने पिकपिकतो. कुठल्या बीपचा अर्थ काय, हे मात्र बायॉस, म्हणजे पीसी सुरू करणारा रॉममधला प्रोग्रॅम, बनवणाऱ्यागणिक बदलतं. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या १९९३च्या इंडी या वर्कस्टेशनमधून सुरू होताना छोटीशी धून वाजते. सन कंपनीच्या स्पार्कस्टेशन या वर्कस्टेशनला जोडलेल्या कीबोर्डवरचे दिवे वीज येताच क्षणभर लुकलुकतात. ते लुकलुकले तर निदान कीबोर्डपर्यंत वीज पोचतेय एवढं तरी कळतं.

पण स्पार्कस्टेशनजवळ याहून फार चांगली सोय आहे, आणि ती वापरायची तर कीबोर्ड चक्क काढून ठेवायचा. १९८९ साली आलेल्या पहिल्या स्पार्कस्टेशनची चपटी पेटी लोकांनी ‘पिझ्झा बॉक्स’ म्हणून ओळखली. या घराण्यातली कितीतरी यंत्रं पडदा न लावता, कोपऱ्यात सर्व्हर म्हणून वर्षानुवर्षं चालली. त्यामुळे त्यांच्या रॉममधला प्रोग्रॅम सुरुवातीलाच कीबोर्ड आहे का ते बघतो. नसला तर समोर माणूस बसलेला नाही असं धरून चालतो आणि सगळा मजकूर मागच्या पहिल्या सिरियल पोर्टवर, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीवर, पाठवू लागतो. कीबोर्ड काढताना मात्र यंत्र बंदच हवं. चालू यंत्राचा कीबोर्ड उपटला तर ते जागच्या जागी थबकतं.

या पोर्टला लॅपटॉप जोडायचा तर यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर आणि नल मोडेम केबल लागते. ही केबल साधी नसते. तिच्यात एका बाजूची बोलायची तार दुसऱ्या बाजूच्या ऐकायच्या तारेला जोडलेली असते. सरळ केबल लावली तर दोघं एकाच तारेवर बोलत राहतात आणि ऐकत कुणीच नाही. लॅपटॉपवर पोर्टमधून आलेला मजकूर दाखवणाऱ्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये वेग सेकंदाला ९६०० बिट ठेवायचा, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. एका अक्षरामागे सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट जातात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. ८० रकाने आणि २४ ओळींचा पडदा भरायला दोन सेकंद. आजच्या डोळ्यांना हे चालणं संथ वाटतं, पण ज्याला आपण मेलेलं समजत होतो ते यंत्र ओळीमागून ओळ लिहू लागलं की त्या दोन सेकंदांचं काही वाटत नाही. मॉडेलचं नाव, रॉमची आवृत्ती, रॅम किती, इथरनेटचा पत्ता, आणि शेवटी एकटाच शब्द: ओके.

हा ओके दिसला म्हणजे पॉवर सप्लाय, प्रोसेसर, रॉम आणि निदान काही रॅम ठीक आहे. संशयितांची यादी एका फटक्यात आटोपशीर होते.

याच मजकुरात कधी आयडीप्रॉममधली, म्हणजे यंत्राची ओळख साठवलेल्या जागेतली, माहिती अवैध असल्याची तक्रार येते आणि इथरनेटच्या पत्त्याच्या जागी एफ-एफची रांग दिसते. दोष सेलचा. या यंत्रांची सेटिंग आणि घड्याळ एका चिपमध्ये राहतं आणि लिथियम सेल त्या चिपच्याच टोपणाखाली बंद केलेला असतो. त्याचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं, म्हणजे आज मूळ चिप जिवंत सापडणं अवघड. नवी चिप बसवणं हा सरळ उपाय. हौशी मंडळी टोपण जपून तासतात, आतली टोकं उघडी करतात आणि बाहेरून तीन व्होल्टचा नाणेवजा सेल डकवतात. दिसायला ते ओंगळ असतं, चालायला उत्तम.

आता समजा ओके आला, कीबोर्ड परत लावला, तरी पडदा काळाच. मग भांडण बहुधा यंत्र आणि मॉनिटर यांच्यातलं. वाचताना ओळ संपली की नजर पुढच्या ओळीच्या सुरुवातीला नेतो. मॉनिटरला ‘ओळ संपली’, ‘पान संपलं’ हे सांगणाऱ्या खुणेला सिंक म्हणतात. १९८७च्या व्हीजीए या पीसीच्या मॉनिटर-जोडणीत या दोन खुणांना दोन वेगळ्या पिना आहेत. वर्कस्टेशनवाल्यांनी दोन्ही खुणा एकाच तारेत गुंफल्या, काहींनी तर त्या हिरव्या रंगाच्या तारेवरच चढवल्या. चित्र ० ते ०.७ व्होल्टमध्ये आणि सिंक त्याखाली ०.३ व्होल्टची बुडी. ही बुडी न ओळखणारा मॉनिटर तिन्ही तारांवर चित्र येत असतानाही ‘सिग्नल नाही’ म्हणून मोकळा होतो. कधी ओळखतो, पण अर्धवट, आणि सगळ्या चित्रावर हिरवट झाक येते.

त्यात अ‍ॅडॉप्टरचा घोळ. या यंत्रांच्या मागे १३डब्ल्यू३ नावाचा कनेक्टर असतो: तीन जाड कोअ‍ॅक्सियल (टीव्हीच्या केबलसारख्या) जोडण्या आणि दहा बारीक पिना. सन आणि सिलिकॉन ग्राफिक्स या दोघांचा कनेक्टर हुबेहूब तोच, पण पिनांची वाटणी वेगळी. एकाचं अ‍ॅडॉप्टर दुसऱ्याला घट्ट बसतं आणि चित्र येत नाही. अशा फसव्या अ‍ॅडॉप्टरपायी मी एक अख्खा रविवार घालवला आहे. सनच्या बाबतीत यातल्या तीन पिना मॉनिटरची ओळख पटवतात. ती पटली नाही तर कार्ड सहसा ११५२×९०० आणि ६६ हर्ट्झ धरतं. हा आकडा पुष्कळ एलसीडींच्या पुस्तकातच नसतो. अशा वेळी सिरियलवरूनच, ओकेपुढे, पडद्याचं सेटिंग १०२४×७६८ आणि ६० हर्ट्झ असं बदलता येतं; ही मुभा सगळी कार्डं देत नाहीत, पण विचारून बघायला काय जातं?

आणि सिरियलही मुकं राहिलं तर पेटी उघडायची. सगळी जादा कार्डं काढायची, रॅम कमीत कमी ठेवायची, राहिलेल्या पट्ट्या काढून सोनेरी कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून परत दाबून बसवायच्या. मल्टिमीटरने ५ आणि १२ व्होल्ट तपासायचे. फुगलेल्या किंवा पाझरलेल्या कॅपॅसिटरांवर नजर फिरवायची. जुना काचेचा मॉनिटर मात्र उघडू नये. त्यात हजारो व्होल्टचा साठा वीज काढल्यावरही दबा धरून असतो.

सगळं जुळलं की स्पार्कस्टेशनचा पडदा एकदम पांढराफेक होतो. त्याच्या कन्सोलवर पांढऱ्यावर काळी अक्षरं येतात. नवख्याला ती अक्षरं उमटेपर्यंत वाटतं, आता हे आणखी काय बिघडलं.